दिवे लावले की काटा लालकडे: जुन्या गाडीच्या टेम्परेचर गेजच्या नोंदी

गाडी जुनी, कार्ब्युरेटरची, पेट्रोलवर चालणारी. १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडलेलं, करंट त्याच धातूतून परत जातो), कॉम्प्युटर कुठेच नाही. तक्रार अशी की दिवसा टेम्परेचरचा काटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि रात्री तीन चतुर्थांश ओलांडून लाल पट्टीला टेकायच्या बेतात येतो. इंजिन उकळत नाही, कूलंट कमी होत नाही, वास नाही. कोणी हेच काम काढलं असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून जसं घडलं तसं लिहीत गेलो आहे.

नोंद १, ६ मार्च: इंजिन खरंच तापतं का?

गेजला हात लावण्याआधी हे ठरवायला हवं. काटा खोटा धरून चालायचं आणि तो खरा निघाला, तर हेड गॅस्केटचं काम गळ्यात पडतं.

इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट काठापर्यंत. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे माहीत असलेली माणसंही भाजून घेतात, म्हणून लिहिलं. फॅनबेल्ट ताणलेला, वॉटर पंपाखाली ओल नाही.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट ठराविक तापमानाला पोचेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. तिचं घर ॲल्युमिनियमचं आणि चकचकीत. अशा पृष्ठभागावर हे यंत्र बरंच कमी तापमान दाखवतं, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, उलट आजूबाजूचीच परावर्तित करतो. नुसत्या धातूवर ४० च्या घरातला आकडा आला. शेजारीच काळ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखलं तर ७१ अंश. इतका फरक.

गाडी रात्री चालवून आणली, काटा लालच्या जवळ गेल्यावर थांबलो आणि लगेच टेपवर मोजलं. पुन्हा ७१ अंशांच्या आसपासच. म्हणजे इंजिन तापलेलं नाही, गडबड काट्याकडे आहे.

पण ७१ हाही आकडा बरोबर नाही. या इंजिनाला ८२ अंशांचा थर्मोस्टॅट लागतो, आणि पूर्ण गरम झाल्यावर घराजवळ ८० च्या पुढे दिसायला हवं. दोन्ही प्रश्न एकदम उपसले तर कशाने काय बदललं ते कळणार नाही. हा आकडा वहीत बाजूला लिहून ठेवला.

नोंद २, ७ मार्च: वायर काढून, वायर टेकवून

आधी गेजचा प्रकार ओळखा. डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत तांब्याची बारीक नळी गेली असेल तर तो मेकॅनिकल गेज, त्यात वीज नाही, आणि या नोंदी तिथे कामाच्या नाहीत. वायर असेल तर इग्निशन ऑन करून पेट्रोलच्या काट्याकडे बघा. झटकन उडी मारून जागेवर गेला तर गेज कॉइलचा. सावकाश, अर्धा-एक मिनिट घेत सरकला तर बायमेटलचा: आत दोन धातूंची पट्टी, तिच्यावर गुंडाळलेली तार, तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. माझा बायमेटलचा. या प्रकाराला साधारण १० व्होल्ट स्थिर लागतात आणि ते पुरवायला डॅशबोर्डमागे स्टॅबिलायझर असतो. तो पेट्रोल आणि टेम्परेचर, दोन्ही गेजना मिळून एकच. हे पुढे लागणार आहे.

सेंडर म्हणजे इंजिनात बसवलेला, तापमान गेजला कळवणारा तुकडा. त्याची वायर काढली, इग्निशन ऑन. काटा तळाला, म्हणजे थंडाकडे. तीच वायर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली, काटा वर चढू लागला. अर्ध्याच्या पुढे गेल्याबरोबर वायर उचलली. बायमेटल गेजला पूर्ण करंट फार वेळ दिला तर आतली तार जळते, त्यामुळे H पर्यंत (गरमच्या टोकापर्यंत) पोचायची वाट बघत बसू नका.

बहुतेक जण या चाचणीवर थांबतात. वायर आणि गेज जिवंत आहेत, तेव्हा सेंडरच खराब. सेंडर सगळ्यांत स्वस्त, बदलायला पाच मिनिटं, म्हणून मीही नवा आणून बसवला. चुडी (आटे) तीच, स्पेड टर्मिनल तसंच. काटा चौथ्या हिश्श्यापर्यंतही जाईना. जुना लावला की जास्त, नवा लावला की कमी. चाचणीने वायर तुटलेली नाही आणि गेज मेलेला नाही एवढंच सांगितलं होतं, मोजमाप बरोबर आहे असं कुठे म्हटलं होतं!

नोंद ३, ८ मार्च: दोन्ही सेंडर पातेल्यात

सेंडर म्हणजे पितळी खोळीत बसवलेला थर्मिस्टर. तापला की त्याचा रोध उतरतो. बदलण्यापेक्षा मोजणं बरं.

पातेल्यात पाणी. सेंडर तारेने असा टांगला की चुडीपर्यंतचा भाग पाण्यात आणि टर्मिनल बाहेर कोरडं. थर्मामीटर शेजारी, दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत, तळ नेहमी पाण्यापेक्षा गरम असतो. मीटरचा एक क्लिप सेंडरच्या अंगाला, दुसरा टर्मिनलला. गॅस अगदी बारीक आणि ढवळणं चालू. घाईने तापवलं तर पाणी पुढे आणि सेंडर मागे राहतो.

जुन्याचे आकडे: २५ अंशांना ६०० ओहम, ४० ला ३४०, ६० ला १७५, ८० ला ९६, ९५ ला ६४. गार होताना पुन्हा टिपले, जवळपास तेच आले. मध्ये कुठे उडी नाही, अडकणं नाही. जुना सेंडर ठणठणीत आहे.

नव्याचे: २५ ला १५०० च्या आसपास, ८० ला २४०, ९५ ला १६०. तोही खराब नाही, फक्त वेगळ्या गेजसाठी बनवलेला आहे. चुडी जुळली म्हणजे सेंडर जुळला असं नसतं. त्यावरचा खर्च पाण्यात गेला. नवा घेतानाच मीटर सोबत नेऊन खोलीच्या तापमानाला दोन्हींचा रोध ताडून पाहिला असता तरी ६०० आणि १५०० हा फरक जागेवरच दिसला असता.

जुना परत बसवला, तांब्याच्या वॉशरसह, चुडीवर टेफ्लॉन टेप न लावता. या सेंडरला परतीची वायर नाही, त्याचा अर्थ चुडीतूनच इंजिनला जातो, आणि टेप जाड गुंडाळली तर तोच बिघडू शकतो. बसवल्यावर सेंडरचं अंग ते बॅटरीचा निगेटिव्ह असं मोजून घेतलं, ठीक होतं.

नोंद ४, ११ मार्च: इंजिन बाजूला ठेवून गेजची परीक्षा

आता सेंडरच्या जागी ठराविक किमतीचे रेझिस्टर लावून काटा कुठे जातो ते बघायचं. वायर सेंडरवरून काढली, तिला १०० ओहमचा रेझिस्टर, त्याचं दुसरं टोक इंजिनच्या धातूला. इंजिन बंद आणि गार. बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर लावलेला. १०० ओहम म्हणजे या सेंडरच्या भाषेत ८० अंशांच्या जरा अलीकडे.

रेझिस्टर पाव वॉटचा वापरू नका. गेजची तार माझ्या मोजणीत ६५ ओहम, तेव्हा १० व्होल्टला सुमारे ६० मिलिॲम्प वाहतात आणि रेझिस्टरमध्ये पाऊण-एक नव्हे तरी ०.३७ वॉट उष्णता होते. पाव वॉटच्या तुकड्यावरचे रंगाचे पट्टे करपले आणि बोटालाही चटका बसला. एक वॉटचे घ्या.

काटा सावकाश चढून मध्यावर थांबला. अपेक्षेपेक्षा किंचित वर, पण वावगं नाही. मग पार्किंग लाइट लावले, त्याबरोबर डॅशबोर्डचे दिवेही लागतात. काटा पुन्हा हलला आणि रेंगाळत तीन चतुर्थांशावर गेला. दिवे बंद केले, मिनिटभरात परत मध्यावर.

इंजिन गार आहे, सेंडर सर्किटमध्येच नाही, रोध बदललेला नाही. तरीही काटा चढतो. इथे इंजिन, कूलंट, सेंडर, सगळे निर्दोष सुटले.

आणि मग शेजारच्या गेजकडे लक्ष गेलं. पेट्रोलचा काटाही दिव्यांबरोबर वर जात होता. दिवे लावल्याने टाकीत पेट्रोल वाढत असतं तर ही दुरुस्ती कोणी केलीच नसती. हे रोज डोळ्यांसमोर घडत असणार, पण जास्त पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची तक्रार कोण करतो? दोन्ही काटे एकाच वेळी चढतात तेव्हा दोघांत सामाईक काय, ते शोधायचं. सामाईक आहे स्टॅबिलायझर.

नोंद ५, १४ मार्च: स्टॅबिलायझर बदलला, रोग तसाच

बॅटरीचा निगेटिव्ह काढून मगच मीटरचं पॅनेल बाहेर ओढलं. मागे पत्र्याची छोटी डबी. हा जुना स्टॅबिलायझरही बायमेटलचाच: आतला काँटॅक्ट सतत उघडतो-मिटतो आणि सरासरी १० व्होल्ट देतो. डिजिटल मीटर लावला तर आकडे ० आणि १२ च्या मध्ये नुसते नाचतात, त्यावरून काही कळत नाही. टेस्ट लॅम्प लावला की लुकलुकतो, तेवढ्यावरून तो चालू आहे हे समजतं.

दिवे बंद असताना लॅम्प लुकलुकत होता. दिवे लावले की स्थिर पेटून राहायचा. काँटॅक्ट चिकटत असावेत असं वाटलं, म्हणून त्याच्या जागी ७८१० बसवला. हा तीन पायांचा १० व्होल्टचा रेग्युलेटर, इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची धातूची पाठ म्हणजेच त्याचा अर्थ, तेव्हा ती पॅनेलच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट आवळली. हे फक्त निगेटिव्ह अर्थच्या गाडीत चालतं.

इंजिन चालू केलं, बॅटरी १३.८. रेग्युलेटरचं आउटपुट बरोबर १०.०, आकडा हलत नाही. दिवे लावले आणि जे दिसलं ते बराच वेळ पटेना: मीटर १० वरून ८.४ वर उतरला आणि गेजचा काटा वर चढला. व्होल्टेज कमी होतंय आणि काटा वाढतोय.

रेग्युलेटर दुसरा लावून पाहिला, कपॅसिटर बदलले, सोल्डर पुन्हा केलं. अख्खी दुपार त्यात गेली. काटा आता पूर्वीइतका लालकडे जात नव्हता, मध्याच्या थोडा पुढे थांबत होता, त्यामुळे काहीतरी सुधारलंय असाही भास होत होता.

नोंद ६, १५ मार्च: काळी वायर कुठे लावली होती

कालची सगळी मोजणी मीटरची काळी वायर पॅनेलच्या पत्र्याला लावून केली होती, कारण तो हाताशी होता. आज लांब वायर जोडून काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. दिवे बंद: आउटपुट १०. दिवे चालू: १२.४.

८.४ आणि १२.४, मधले ४ व्होल्ट कुठे गेले? काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला तसंच ठेवून लाल टोक पॅनेलच्या पत्र्याला लावलं. दिवे लावले की ४.० व्होल्ट. ज्याला मी अर्थ समजत होतो तोच अर्थपासून चार व्होल्ट वर उचलला जात होता.

स्टॅबिलायझर, जुना असो की नवा, आपले १० व्होल्ट स्वतःच्या अर्थपासून मोजतो. तो अर्थ वर उचलला गेला की स्टुलावर उभं राहून उंची मोजल्यासारखं होतं. गेज मात्र परतीचा रस्ता इंजिनात बसलेल्या सेंडरमधून घेतो, आणि इंजिनचा अर्थ चांगला आहे. त्यामुळे गेजला १० च्या जागी १२ किंवा त्याहून जास्त मिळतात. बायमेटल पट्टी उष्णतेवर चालते, उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोड्या व्होल्टेजने काटा बराच सरकतो. अर्थ उचलण्याचं काम डॅशबोर्डचे दिवे करतात, कारण त्यांचा अर्धा ॲम्पच्या आसपासचा करंट त्याच खराब अर्थ वायरमधून परत जातो. हे दिवे मिणमिणते आहेत हे मला कधीपासून दिसत होतं. गाडीचं वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

दोष नक्की कुठे ते शोधायला दिवे चालूच ठेवून एकेक टप्पा मोजत गेलो. काळं टोक बॅटरीवर कायम, लाल टोक पुढे पुढे. बॉडी: ०.०२. डॅशबोर्डच्या आतली पट्टी: ०.०५. अर्थ वायरची थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) जिथे स्क्रूने आवळली आहे ती जागा: ०.०६. तीच वायर थिंबलच्या दोन सेंटिमीटर पुढे टाचणी टोचून: ४.०. सगळा रोध त्या दोन सेंटिमीटरांत.

वायर कापून थिंबल उघडली. तांब्याचे केस हिरवे, बरेचसे तुटलेले, उरलेले थिंबलमध्ये हलत होते. बाहेरून स्क्रू घट्ट, थिंबल चकचकीत. ओहममीटरवर हे पकडणं अवघड, त्याचा करंट इतका किरकोळ असतो की दोन-चार केस टेकले तरी तो समाधान मानतो. वायर हलवली की आकडा १ ते ९ ओहम कुठेही जात होता. करंट वाहत असताना व्होल्टेज मोजणं हीच खात्रीची पद्धत.

वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे सोलली, नवी थिंबल क्रिंप केली, स्क्रूच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळून वर ग्रीस. दिवे लावून मोजलं: ०.०७. डॅशबोर्डचे दिवे लख्ख. काटा दिव्यांना दाद देईना.

जुना स्टॅबिलायझर लावून पाहिला, तोही नीट चालतो. ७८१० आता बसवलाच आहे म्हणून ठेवला आणि जुनी डबी पिशवीत घालून नाव लिहून जपून ठेवली.

नोंद ७, २१ मार्च: बाजूला ठेवलेले ७१ अंश

काटा आता दिवसा आणि रात्री सारखाच: चौथ्या हिश्श्याच्या जरा वर. मोकळ्या रस्त्यावर आणखी खाली, गर्दीत थांबलो की थोडा वर. टेपवर मोजलं तर तेच, ७१ च्या खाली-वर. काटा आता खरं बोलतोय आणि इंजिन गार आहे.

गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवला. थर्मोस्टॅट बंद असेल तर तो बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. माझा सुरुवातीपासूनच इंजिनबरोबर हळूहळू कोमट होत गेला. थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार असं धरून घर उघडलं.

आत थर्मोस्टॅटच नव्हता. रिकामी बैठक, त्याच्या कडेचा जुना खळगा, बस. कोणी तरी काढून टाकला होता. का काढला ते आता कळायला मार्ग नाही, पण रात्री काटा लालकडे जाणाऱ्या गाडीवर पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढणं ही फार जुनी सवय आहे. इंजिन कायम गार चालल्याने पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, हीटर कोमट राहतो. आणि काटा तरीही लालकडेच जात राहिला.

नवा ८२ अंशांचा आणला. बसवण्याआधी तोही पातेल्यात: ८२-८३ ला झडप फटीएवढी उघडली, ९५ च्या आसपास पूर्ण. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, हवा सुटायचं बारीक भोक वरच्या अंगाला. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पट्टी वापरली, वेळ लागला.

कूलंट भरल्यावर पहिल्या फेरीत काटा तळालाच राहिला आणि मग अचानक उसळला. हवा अडकलेली. सेंडर हवेत असताना काटा कमी दाखवतो, तेव्हा कूलंट नुकतंच भरलं असेल तर थंड दिसणाऱ्या काट्यावर विसंबू नका. हीटरचा कॉक उघडा ठेवून, गाडीचं तोंड चढावर करून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतत राहिलो.

आता टेपवर ८४ ते ८६. काटा मध्यावर.

नोंद ८, २२ मार्च: काट्याचा तक्ता

सगळं दुरुस्त असताना एकदा रेझिस्टर लावून काट्याच्या जागा टिपून घेतल्या, पुढे शंका आली तर ताडून पाहता येईल. ३३० ओहम (सुमारे ४१ अंश): C च्या रेघेच्या किंचित वर. १८० (५९): चौथा हिस्सा. १०० (७९): मध्याच्या जरा अलीकडे. ६८ (९३): तीन चतुर्थांशाच्या जवळ. ४७ (१०७): लाल पट्टीची सुरुवात. कागद मीटर पॅनेलच्या पाठीमागे चिकटवला आहे. हे आकडे माझ्या सेंडरचे आहेत. तुमचे पातेल्यातूनच काढा.

एक काम उरलं. १० व्होल्ट खरे झाल्यापासून टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा F च्या बराच खाली थांबतो. मागे कोणी तरी वाढीव व्होल्टेजवर जुळवण्यासाठी फ्लोटची दांडी वाकवली असण्याची शक्यता आहे. टाकी रिकामी होत आली की तिचा सेंडर काढून बघणार.